भातखाचरात मिनी लोडरने रब्बीची मशागत कशी करावी

मुरबाड, शहापूर, भिवंडी भागात हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे, भात कापून झाले की पाण्याची सोय असलेला शेतकरी त्याच खाचरात भेंडी किंवा काकडी लावण्याच्या तयारीला लागतो. आपली खाचरे दोन-तीन गुंठ्यांची आणि टप्प्याटप्प्यांनी उतरणारी असल्याने मोठा ट्रॅक्टर तेथे नीट वळत नाही. म्हणून ठाण्याकडच्या बांधकामांवर माती हलवणारा मिनी लोडर, ज्याला आपण सरसकट बॉबकॅट म्हणतो, मी गेले सात हंगाम तासाच्या भाड्याने आणतो आणि बकेटच्या जागी पात्यांचे टिलर जोडून मशागत करून घेतो. यंत्र या कामाला उत्तम आहे. मात्र जितके खोल तितके चांगले, हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो भातखाचरापुरता सपशेल चुकीचा आहे.

यंत्र बोलावण्यापूर्वी वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य इतकीच ओल, आली का ते पाहावे. खाचरात तीन-चार ठिकाणी बोटभर खालची माती काढून मुठीत दाबावी आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा पडताच भुसभुशीत होऊन फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच राहिला तर आणखी थांबावे. मुळात गोळाच होत नसेल तर हलके पाणी देऊन पुन्हा वाट पाहावी. ओल्या मातीत फिरवलेली पाती माती कापत नाहीत, लिंपतात, आणि ती माती वाळली की तिची ढेकळे हंगामभर फुटत नाहीत. यंत्र उद्याच मिळणार आहे म्हणून ओल्या खाचरात ते घालू नये.

धसकटे जमिनीलगत कापून पेंढा उचलून घ्यावा, नाहीतर तो पात्यांच्या दांड्याला गुंडाळला जातो.

यंत्र खाचरात उतरवण्याची जागा आधी ठरवावी. लोडरचे वजन साधारण अडीच ते तीन टन असते आणि पावसाळ्यात खेकड्यांनी पोखरलेला बांध वरून धडधाकट दिसला तरी ते पेलत नाही. पहारीने बांध ठोकून पाहावा, पोकळ आवाज आला तर दुसरी जागा धरावी, आणि उतरण्यासाठी तोडलेला बांध त्याच दिवशी पुन्हा घालावा.

जोडणीत दोन गोष्टी पाहाव्यात. टिलरची पाती फिरवणाऱ्या मोटारीला लोडरकडून मिनिटाला किती लिटर दाबाचे (हायड्रॉलिक) तेल लागते ते टिलरच्या माहितीपट्टीवर लिहिलेले असते, तेवढे लोडर देतो की नाही याची खात्री भाडे ठरवतानाच करून घ्यावी. दुसरी गोष्ट, टिलरला दोन जाड पाइपांबरोबर तिसरा बारीक पाइप असेल, तर तो सर्वांत आधी जोडावा आणि सर्वांत शेवटी काढावा. हा पाइप मोटारीत झिरपलेले तेल परत नेतो. तो न जोडता मोटार चालवली तर तिचे सील फुटते.

आता खोलीविषयी. भातखाचराच्या पोटात, साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटरांवर, वर्षानुवर्षांच्या चिखलणीने, म्हणजे लावणीपूर्वी पाण्यात माती कालवण्याने, घट्ट झालेला थर असतो. पावसाळ्यात खाचरात पाणी उभे राहते ते बांधांमुळे जितके, तितकेच या थरामुळे. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक असूनही सुचले नाही. मी बांधावर उभा राहून चालकाला ‘अजून दाबा, अजून दाबा’ असे सांगत होतो. खालची पिवळसर चिकट माती वर आली, भेंडीही बरी आली, आणि मी समाधानी होतो. पुढच्या जुलैत मात्र शेजारची खाचरे तुडुंब भरलेली असताना माझ्या खाचरातले पाणी रात्रीत उतरून जाऊ लागले. तीन वेळा चिखलणी करावी लागली आणि लावणी आठ दिवस मागे पडली. ज्या खाचरात पुन्हा भात घ्यायचे आहे, त्याचा हा तळ मोडू नये. भेंडीला बारा सेंटिमीटर भुसभुशीत माती आणि त्यावर ओढलेले गादीवाफे, म्हणजे मातीचे उंच सपाट वाफे, पुरेसे होतात.

ही खोली लोडरचे हात दाबून मिळत नाही. दाब दिला की पुढची चाके उचलली जातात, टिलर उड्या मारू लागते आणि कडक जमिनीवर पाती यंत्रालाच पुढे ढकलतात, त्यामुळे एका ठिकाणी वीतभर खड्डा आणि दोन हातांवर नुसता ओरखडा असे काम होते. टिलरच्या दोन्ही बाजूंना खोली ठरवणाऱ्या लोखंडी पट्ट्या असतात. त्या पहिल्या फेरीला पाच ते सहा सेंटिमीटरांवर आणि दुसऱ्या फेरीला बारावर बसवाव्यात, आणि लोडरचे हात मोकळे सोडावेत. चालक या स्थितीला फ्लोट म्हणतात. बांधकामावरच्या चालकाला हात दाबण्याची सवय असते, तेव्हा हे काम सुरू होण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. मी एका काठीला बारा सेंटिमीटरांवर दोरा बांधून ठेवतो, दर दोन-तीन ओळींनी ती भुसभुशीत मातीत खुपसतो, आणि दोरा मातीत बुडाला की काम थांबवतो.

इंजिनाची गती पूर्ण ठेवून यंत्राची चाल मात्र अगदी संथ, तासाला सुमारे एक किलोमीटर, ठेवावी. पाती मंदावली तर चाल कमी करावी, इंजिनाची गती कमी करू नये, कारण तेलाचा प्रवाह इंजिनावर अवलंबून असतो. पाच फुटी टिलरने, ओळी थोड्या एकमेकींवर घेत, एका गुंठ्याच्या एका फेरीला सरळ चालीची साडेचार-पाच मिनिटे लागतात, वळणांचा वेळ वेगळा.

पहिली फेरी पुढे जात करावी. टिलर पुढे आणि चाके मागे असल्याने सैल झालेली माती चाकांखाली दाबली जाते, म्हणून दुसरी फेरी मागे येत करावी, म्हणजे चाकांच्या खुणाही पाती मोडून टाकतात. यासाठी दोन्ही दिशांना फिरणारी पाती असलेलेच टिलर मागवावे.

वळताना टिलर पूर्ण उचलावे आणि जागेवर गरकन फिरणे कटाक्षाने टाळावे. लोडर चाके घासत फिरतो, त्यामुळे कोपऱ्यात खड्डा आणि शेजारी उंचवटा तयार होतो. खाचराची पातळी अशी बिघडली तर जूनमध्ये ती पुन्हा साधायला दोन माणसांचा दिवस जातो. दोन-तीन टप्प्यांत, मागे-पुढे घेत वळावे.

पेंढा गुंडाळला गेल्यास टिलर जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि मगच कोयत्याने तो कापावा. बांधाचे दगड पात्यांतून उडतात, त्यामुळे मुले व गुरे निदान दोन खाचरे दूर ठेवावीत.

ढेकळे सुपारी ते लिंबाएवढी झाली की थांबावे. तिसऱ्या फेरीने मातीचे पीठ होते आणि पहिल्याच पाण्याला त्यावर खपली धरते. वाफसा उडून जाण्यापूर्वी, शक्यतो त्याच संध्याकाळी, गादीवाफे ओढून घ्यावेत.