सेलमधली ऑनलाइन खरेदी: या चुका टाळा

सेल सुरू झाला की फोनवर मेसेजचा भडिमार होतो. ‘तुमचं पार्सल अडकलं आहे, पत्ता अपडेट करा’ हा त्यातला सगळ्यात घातक, कारण आपण खरंच दोन-चार पार्सलांची वाट बघत असतो. पाठवणाऱ्याला सहसा आपल्या ऑर्डरची काहीच माहिती नसते. तो एकच मजकूर हजारो नंबरांवर सोडतो, आणि त्यातल्या अनेकांचं पार्सल योगायोगाने वाटेत असतंच. म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून आत जाणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ज्या ॲपवरून ऑर्डर दिली ते स्वतः उघडा. काही अडलं असेल तर तिथे दिसेलच.

दुसरी चूक, साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं की निर्धास्त होणं. तुमच्या आणि साइटच्या मधली देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येणार नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. पलीकडे दुकानदार बसलाय की भामटा, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. हा गैरसमज इतका पसरला की गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या ॲड्रेस बारमधून कुलूप काढून तिथे वेगळं चिन्ह दिलं.

त्यापेक्षा साइटचा पत्ता वाचा, तोही नीट. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेषा सोडून पुढची पहिली तिरपी रेषा शोधा. तिच्या लगेच डावीकडे ‘डॉट कॉम’ आणि त्याच्याआधी जो शब्द असेल, ती साइट त्याची. ओळखीच्या दुकानाचं नाव त्याच्याही डावीकडे, आणखी एका टिंबापलीकडे असेल, तर ते कुणालाही जोडता येतं. शिवाय इंग्रजी लहान लिपीत आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर भल्याभल्यांची नजर इथे चुकते.

रिफंड अडकला की बरेच जण कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधतात. वर आलेला नंबर भामट्यानेच पेरलेला असू शकतो. पलीकडचा माणूस अगदी आपुलकीने बोलतो, ‘प्रॉब्लेम बघतो’ म्हणत स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतो, आणि मग तुम्हाला आलेला ओटीपी त्यालाही दिसतो. पैसे परत मिळवण्यासाठी कुणाला पिन किंवा ओटीपी सांगावा लागत नाही. नंबर घ्यायचाच तर दुकानाच्या ॲपमधूनच घ्या.

अनोळखी साइटने थेट बँक ट्रान्सफर किंवा गिफ्ट कार्डचा कोड मागितला तर खरेदी तिथेच सोडा; असे गेलेले पैसे परत मिळणं फार कठीण. क्रेडिट कार्डावर निदान बँकेकडे तक्रार करून व्यवहाराला आव्हान देता येतं. आणि ईमेलचा पासवर्ड शॉपिंग साइटवर वापरू नका. एका साइटवरून फुटलेले पासवर्ड भामटे दुसरीकडे लावून बघतात.

फसवणूक झालीच, तर क्रम महत्त्वाचा. आधी बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा. नंबर कार्डाच्या मागे असतो. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकलं असेल तर त्या फोनचं इंटरनेट लगेच बंद करा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. मग सुरक्षित उपकरणावरून सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी बहुतेक पासवर्ड रिसेट करता येतात ते ईमेलवरूनच. मेसेज आणि पावत्यांचे स्क्रीनशॉट काढा, चिडून काही डिलीट करू नका, आणि पोलिसांकडे तक्रार नोंदवा; लाज वाटावी असं तुम्ही काही केलेलं नाही. पुढच्या काही दिवसांत ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त आधी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तो फोन तिथेच ठेवून द्या.