नव्या घराला इसार देताय? आधी पावतीवर काय लिहायचं ते ठरवा

दोन वर्षांमागं आमचे हे दसऱ्याच्या दिवशी इथं बेळगावात अनगोळकडं एक नवीन अपार्टमेंट नुसतं बघायला म्हणून गेले आणि ५१ हजार देऊनच आले, तेही रोख, मुहूर्त चुकायला नको म्हणून. पावती आणली ती स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसल्या पुस्तकातली, कार्बन घालून लिहिलेली. त्यावर ह्यांचं नाव, रक्कम आणि 'बुकिंगसाठी मिळाले'. बस्स. फ्लॅट नंबरच नाही. दाखवलेला पूर्वेच्या दाराचा, कोपऱ्यातला, आणि दिवाळीनंतर विचारायला गेलो तर तो गेला म्हणे, तुमचा मागच्या बाजूचा, रेट तोच. पैसे परत द्या म्हटलं तर 'देऊ की, दुसरं गिऱ्हाईक येऊदे'. सात महिने फेऱ्या मारल्या तेव्हा ४० हजार हातात आले, उरलेल्याचं काय विचारलं तर कॅन्सलेशन. भांडणार कशावर, लिहून काहीच घेतलेलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मीच गेले. तेव्हा जे केलं ते सांगते.

बिल्डरकडं जायच्या आधी रेरा नंबर मागा, रेरा म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण. कर्नाटक रेराच्या वेबसाईटवर नंबर टाकला की प्रोजेक्ट कुणाच्या नावावर आहे, मंजूर नकाशा आणि काम पुरं करायची तारीख दिसते. ती तारीख आणि ऑफिसातला माणूस तोंडानं सांगतो ती तारीख जुळते का बघा, आमच्या प्रोजेक्टात दहा महिन्यांचा फरक निघाला. पण आपल्याकडं एक गोची आहे. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील तर रेरा नोंदणी लागतच नाही, आणि ५०० चौरस मीटर म्हणजे आपले जेमतेम पाच गुंठे. वडगाव, शहापूरकडं जुनं घर पाडून सहा फ्लॅट काढलेत तसलं बरंचसं ह्यात बसतं. तिथं नंबर नाही म्हणजे फसवाफसवी असं नाही, पण मग कागद आपणच जास्त बघायचे.

आता कागद. बुडाचा (बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाचा) मंजूर नकाशा, एनएची म्हणजे जमीन बिगरशेती केल्याची ऑर्डर, खाता म्हणजे घरपट्टीच्या दप्तरातली नोंद, आणि ईसी म्हणजे जागेवर आजवर कुठले खरेदी-तारण व्यवहार नोंदलेत त्याचा दाखला, तो कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऑनलाईन मिळतो. आमच्या वकिलांनी ३० वर्षांची ईसी काढायला लावली. शहराबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत घेत असाल तर फॉर्म ९ आणि ११ए हे पंचायतीचे मालमत्तेचे दाखले मागा, ११बी म्हणजे नियमात न बसणाऱ्या जागेचा दाखवला तर वकिलाला विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका.

खरी अडचण अशी की हे बरेचसे कागद कन्नडमध्ये, आणि आपल्यातले कितीतरी जण बाजारात फाडफाड कन्नड बोलतात पण वाचायला दिलं की गप्प. मी उतारा, म्हणजे आरटीसी, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा, घरी आणला आणि सातवीतल्या पोरीला वाचायला बसवलं. ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव. मग ११ नंबरवर ती अडखळत म्हणाली, 'इतरे हक्कुगळु मत्तु ऋणगळु'. हक्क आणि ऋण, एवढं तर मलाही कळलं! त्याच्याखाली सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. बिल्डरला विचारलं तर म्हणाला ते केव्हाच फेडलंय, नोंद कमी करायची राहिलीय. असेलही. मी म्हटलं, नोंद कमी झालेला उतारा आणा, मग इसार. तीन आठवड्यांनी आणला.

किती द्यायचं? कायद्यानं साठेखत, म्हणजे खरेदी ठरल्याचा करार, रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही. ४० लाखाचा फ्लॅट असेल तर ४ लाख ही वरची हद्द, तेवढे द्यायलाच पाहिजेत असं नाही. बुकिंगला ५१ हजार, लाख भरपूर झाले. रोख अजिबात नको. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्यावर रोख घेतलं तर दंड घेणाऱ्याला होतो, पण पुरावा नाही म्हणून अडकतो आपण. चेक किंवा एनईएफटी, आणि अकाउंटचं नाव फर्मचंच आहे ना बघा, एजंटच्या नाहीतर मेहुण्याच्या सेव्हिंगला टाका म्हणाले तर उठून यायचं.

जीएसटीचं तिथंच विचारून घ्या, नंतर वरून मागतात. काम चालू असलेल्या घराला ५ टक्के, पण किंमत ४५ लाखाच्या आत आणि कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, आपल्या बेळगावात ९० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण ९६८ स्क्वेअर फूट, असं दोन्ही बसलं तर १ टक्का. ४० लाखावर २ लाख का ४० हजार, एवढा फरक पडतो. कम्प्लिशन सर्टिफिकेट मिळाल्यावर बुक केलं तर जीएसटीच नाही.

आणि पावती. बुकिंग फॉर्म छापील असतो, मागच्या पानावर बारीक अक्षरात 'रक्कम परत मिळणार नाही' असलं काहीतरी असतंच, ते तसंच ठेवून सही करायची नाही. आम्ही लेटरहेडवर वेगळं लिहून घेतलं: फ्लॅट नंबर, मजला, दाराची दिशा, कार्पेट किती (जिना-लिफ्टचा वाटा धरून सांगतात ते सुपर बिल्टअप नव्हे), पार्किंगचा नंबर, एकूण किंमत, साठेखत किती दिवसांत. बँकेनं लोन नाकारलं किंवा कागदात खोट निघाली तर पूर्ण रक्कम ३० दिवसांत परत, आणि आमचंच मन बदललं तर १० हजार कापून बाकी परत. हा आकडा बोलून ठरतो, बिल्डर आधी २५ हजार म्हणत होता. लोनचं वाक्य तर सोडूच नका, कारण बँकेचा वकील कागद बघतो ते इसार गेल्यावर.

लिहून झाल्यावर एजंट हसत म्हणाला, 'वहिनी, इसाराला एवढं कोण लिहून घेतं ओ?' बिल्डर काही बोलला नाही, शिक्का शोधायला आत गेला. ह्यांनी तेवढ्यात चेकबुक काढलं होतं, मी म्हटलं थांबा, आधी शिक्का पडूदे.