युफोनियम आणि बॅरिटोन हॉर्न : ओळखताना आणि वाजवताना या चुका टाळा

या दोन्ही पितळी वाद्यांची मुख्य नळी सुमारे ९ फूट लांब असते, दोन्हींचा मूळ स्वर बी फ्लॅट असतो आणि दोन्हींवर बोटे सारखीच पडतात, त्यामुळे बॅरिटोन म्हणजे लहान युफोनियम असा समज सहज होतो. तो बॅरिटोनवर अन्याय करणारा आहे. युफोनियमची नळी रुंद असून बेलकडे, म्हणजे तिच्या पसरट तोंडाकडे, जाताना शंकूसारखी मोठी होत जाते, तर बॅरिटोनची नळी अरुंद असते आणि तिचा बराच भाग एकाच व्यासाचा राहतो. म्हणून युफोनियमचा नाद भरदार आणि गडद, तर बॅरिटोनचा अधिक उजळ, ट्रॉम्बोन या सरकत्या नळीच्या पितळी वाद्याच्या जवळ जाणारा असतो.

व्हॉल्व्ह (बोटाने दाबून हवेची वाट लांब करणाऱ्या कळा) मोजून वाद्य ओळखू नये, कारण तीन व्हॉल्व्हचे युफोनियम आणि चार व्हॉल्व्हचे बॅरिटोनही बनते. नावावरही विसंबू नये. अमेरिकेत बेल पुढे वळलेल्या ज्या वाद्यांना बॅरिटोन म्हटले जाते, त्यांतील अनेक वाद्ये नळी पाहता युफोनियमच्या जवळची आहेत, आणि जर्मन ‘बारिटोन’ही तसाच.

स्वर अस्थिर वाटला, तर ओठांना दोष देण्याआधी माउथपीस, म्हणजे ओठ टेकवून फुंकायचा सुटा भाग, तपासावा. बॅरिटोनला सहसा बारीक दांड्याचा माउथपीस लागतो आणि मोठ्या युफोनियमला जाड दांड्याचा; बारीक दांडा रुंद नळीत बसवला की तो डुगडुगतो किंवा जास्त आत जातो आणि स्वरमेळ बिघडतो.

पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबल्यावर स्वर चढा येतो, कारण प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी मोकळ्या वाद्याच्या लांबीवर बेतलेली असते आणि व्हॉल्व्ह एकत्र आले की ती अपुरी पडते. चौथा व्हॉल्व्ह असल्यास या जोडीऐवजी तो एकटा वापरावा, आणि तिन्ही व्हॉल्व्हऐवजी दुसरा व चौथा. ब्रिटिश वाद्यतज्ज्ञ डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये याच दोषावर कॉम्पेन्सेटिंग (उणीव भरून काढणारी) रचना शोधली, जिच्यात हवा पुन्हा व्हॉल्व्हमधून फिरून छोट्या पूरक नळ्यांतून जाते.

क्लेफ म्हणजे स्वरलिपीच्या सुरुवातीचे, स्वरांची उंची ठरवणारे चिन्ह. ट्रेबल क्लेफमधील भाग लिहिल्यापेक्षा एक सप्तक आणि एक पूर्ण स्वर खाली वाजतो, बास क्लेफमधील मात्र लिहिल्याप्रमाणेच. त्यामुळे पहिला स्वर फुंकण्याआधी क्लेफ पाहावी. शेवटची चूक श्वासाची आहे. युफोनियमची सवय असलेला वादक बॅरिटोनमध्ये तेवढीच हवा लोटतो आणि नाद फाटतो. तिथे हवेचा झोत बारीक, पण सलग ठेवावा.