तालुक्याचं संग्रहालय चालवायला घेताय? आधी नोंदवही उघडा

गावातल्या एखाद्या हौशी माणसाने जन्मभर वस्तू जमवल्या, त्यांच्या पश्चात त्या ट्रस्टकडे आल्या, नगरपरिषदेने जुन्या शाळेच्या खोल्या दिल्या आणि "तुम्ही इतिहासवाले, तुम्हीच बघा" म्हणत किल्ली तुमच्या हातात ठेवली. बहुतेकांची सुरुवात अशीच होते. ट्रस्टची नोंदणी, धर्मादाय कार्यालयातले हिशेब हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर गावातल्या देवस्थानाच्या चिटणिसांना गाठा, त्यांना सगळं कलमांसकट पाठ असतं.

मला सांगायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, कारण तिच्यापायी माझी झोप उडाली होती. वस्तू तुमच्याकडे कशी आली, याचा कागद.

आमच्या दर्शनी कपाटात एक पट्टा होता, दांडपट्ट्यातलं लांब पातं. मुलं शाळेच्या सहलीत आधी तिकडेच धावायची. एके दिवशी देणाऱ्यांचा नातू आला. म्हणाला, आजोबांनी तो फक्त ठेवायला दिला होता, आता घरी न्यायचाय. मागोमाग त्याचा चुलतभाऊ हजर: तो दानच दिलाय, हात लावू देणार नाही. आमच्याकडे काय होतं? कपाटातली पाटी, 'अमुक यांच्या सौजन्याने'. त्यावरून ना दान सिद्ध होतं ना उसनवारी. वकिलांनी समजावलं की पट्ट्यासारख्या जंगम वस्तूचं दान प्रत्यक्ष देण्या-घेण्यानेही पूर्ण होतं, नोंदणीकृत दस्तच हवा असं नाही. पण ती दान म्हणूनच दिली होती हे दाखवणार कसं? देणारे गेले, घेणारे आमचे जुने सचिवही गेले. शेवटी दोन्ही भावांच्या सह्या घेऊन, पंचांसमक्ष पट्टा परत केला. पण बातमी फिरली, आणि मग कुणी पानदान मागायला, कुणी आजीची पैठणी बघून जायला. गावात दोन तट पडले ते वेगळंच.

म्हणून वस्तू दारात आली की आधी पावती, दोन प्रतींत. मग दानपत्र: कोण देतंय, त्याला ती कशी मिळाली, मालकी ट्रस्टकडे जातेय हे स्पष्ट शब्दांत, आणि घरात वारस अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या. 'कायम दर्शनी भागात मांडावी', 'आमचा संग्रह एकत्रच ठेवावा' असल्या अटी गोड बोलून काढून टाका. उसनं घेणार असाल तर परत करायची तारीख घाला. तारीख नसलेली उसनवारी घेऊच नका, देणारा कितीही मोठा असो. आमदारांनी पाठवलेला असला तरी.

त्यानंतर क्रमांक. साधी पद्धत आहे: २०१९.१४.३ म्हणजे २०१९ साली आलेल्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. हा क्रमांक वहीत तसाच वस्तूवरही. धातूवर किंवा मातीच्या भांड्यावर नजरेआड जागी पॅरालॉइड या पारदर्शक रेझिनचा पातळ थर द्यायचा, तो वाळला की त्यावर शाईने आकडा, वरून पुन्हा एक थर. पुढे काढावा लागला तर ॲसिटोनने निघतो. कागदावर फक्त मऊ पेन्सिल. कापडावर काहीच लिहायचं नाही. सुती फितीवर आकडा लिहून ती दोन टाक्यांनी अडकवा. बॉलपेन आणि स्टिकर दिसले की माझं डोकं फिरतं.

आता शॉर्टकटवाले. "फोटो काढून ग्रुपवर टाका, झाली नोंद." नाही झाली. "मागची तारीख घालून दानपत्र करून घेऊ." हे सांगणारा माणूस समितीत असेल तर त्याच्या हाती शिक्का देऊ नका. जुन्या, कागद नसलेल्या वस्तूंना वेगळी मालिका द्या, जे माहीत आहे तेवढंच लिहा आणि तसा ठराव करा.

आणखी एक इशारा. शेतात मूर्ती सापडली, विहीर खणताना नाण्यांचा लोटा निघाला, की लोक भक्तिभावाने तुमच्याकडेच आणतात. हुरळून जाऊ नका. पुरलेल्या धनाचा कायदा १८७८ चा आहे आणि त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची वस्तू येते, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तरच. मूर्ती, जुनी चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते. आधी तहसील आणि पुरातत्त्व खात्याला पत्र, मग काय ते.

मार्गदर्शक शोधताना मोठ्या शहरातल्या व्याख्यात्यांच्या मागे फार लागू नका. ते एसी बसवायला सांगतात. दिवसा चालू आणि रात्री बंद केलेल्या एसीने कागदाचं जास्त वाटोळं होतं, हे सांगत नाहीत. मला सगळ्यात उपयोगी पडले ते बँकेतून निवृत्त झालेले एक हेडकॅशियर. त्यांना इतिहासात गम्य नाही, पण खाडाखोड दिसली की शेजारी सही मागतात. तलवारींवर तासभर बोलणारे स्वयंसेवक पुष्कळ मिळतात. वही लिहिणारा मिळाला तर त्याला चहा स्वतः नेऊन द्या. विद्यार्थ्यांना थेट वस्तू हाताळायला देऊ नका. आधी पाट्या आणि झाडू. पितळेची भांडी चिंचेने लख्ख करायचा उत्साह आणि फाटल्या कागदाला सेलोटेप, या दोन गोष्टी चालणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

एवढं वाचून घाबरलात का? घाबरू नका. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास एकट्याच्या हौसेने वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाला दिला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावचं सरकारी संग्रहालयही रामलिंगप्पा लामतुरे यांच्या खासगी संग्रहातूनच उभं राहिलं. आपली मजल तिथवर जाईल न जाईल. पण उद्या तुमचा ट्रस्ट थकला आणि संग्रह कुणाकडे सोपवायची वेळ आली, तर पलीकडचा माणूस पहिल्यांदा यादीच मागेल.

सुरुवात एका कपाटापासून करा, दोन माणसं बसवून: एक वस्तू बघून बोलणारा, दुसरा लिहिणारा. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, मात्र पावसाळ्यात उघडू नका, दमट हवेत बुरशी लागते. ते काम दिवाळीनंतर काढा.