पडवीतल्या मांजरीचं बाळंतपण

पोट दोन्ही बाजूंनी सुटलं आणि आचळं टपोरी गुलाबी दिसायला लागली की मांजर गाभण आहे असं समजा आणि हाताशी फार दिवस नाहीत असं धरून चाला. मांजरीचे दिवस 63 ते 65, पण भटकी कधी गाभण राहिली ते कोण सांगणार? म्हणून आधी खोकं नको, डॉक्टर शोधा. पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून सरळ विचारा: मांजर बघता का, अडली तर सिझेरियन होतं का, रविवारी कोण असतं? आमच्याकडे गाई-म्हशींचा डॉक्टर हाकेवर असतो, मांजरीचं ऑपरेशन करणारा दोन तालुके पलीकडे निघाला. रिक्षावाल्याचा नंबरही घेऊन ठेवा. भर पावसात रात्री दोनला एसटी नसते.

आमच्या तिरंगीचा उजवा डोळा पिवळ्या चिपडांनी चिकटलेला होता आणि शिंकली की नाकाला बुडबुडा यायचा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर हलकं पुसायचं, एवढंच आपलं काम. गोळ्या डॉक्टरच्या, आणि गाभण आहे हे त्यांना आधी सांगायचं, कारण काही औषधं पोटातल्या पिल्लांना बाधतात. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेते. कुत्र्याची गोचीडपावडर नको. मुंग्यांचा खडूही नको, मग शेजारीण कितीही म्हणो.

खायला पिल्लांचं कॅटफूड, नाहीतर बिनमिठाचा उकडलेला बांगडा, काटे काढून, थोडं थोडं चार-पाच वेळा. सुकट फार खारट, आणि गाईच्या दुधाने बऱ्याच मांजरींना ढाळ लागतात.

जागा आपण दिली नाही तर ती लाकडांच्या राशीत शिरते आणि तिथे फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं. आंब्याची रिकामी पेटी घ्या, वर आलेले खिळे ठोकून आडवे करा, जुनं सुती लुगडं अंथरा आणि पावसाची झड, बोका नि कुत्रा येणार नाही अशा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. वीज जाणारच, तेव्हा बॅटरी चार्ज करून ठेवा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या एकाच बाजूला, म्हणजे पिल्लांना उकडलं तर सरकता येतं.

व्यायला लागली की लांब बसा. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर नाही, ताजं रक्त वाहतंय किंवा घाण वास येतोय, तर रिक्षा बोलवा. अर्धवट अडकलेलं पिल्लू ओढू नका. बाहेर आलेल्या पिल्लाच्या तोंडावरची पिशवी आईने फाडली नाही, तर मात्र ती लगेच काढून सुती फडक्याने नाक-तोंड पुसा.

ओरखडली किंवा चावली तर साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीसाठी जा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला मांजरीची घाण काढू देऊ नका.

डॉक्टरचा नंबर पुसू नका. पाजती मांजरही पुन्हा गाभण राहते. पिल्लं दोन महिन्यांची होऊन दूध सुटलं की नसबंदी, तिची तारीख आत्ताच विचारून ठेवा.