स्वस्त सौर दिवा पाड्यावर टिकवायचा असेल तर या चुका टाळा

शाळा-कॉलेजांच्या प्रकल्प स्पर्धांमध्ये सौर दिवा, सौर पंखा, सौर फवारणी पंप यांचा कधीच तुटवडा नसतो. मॉडेल टेबलावर झकास चालतं, फोटो निघतात, प्रमाणपत्र मिळतं. पुढे एखादी हौशी टीम तेच यंत्र पाड्यावर नेऊन देते आणि दसऱ्याच्या आत ते कोनाड्यात जाऊन पडतं. दोष बहुतेक वेळा पॅनलचा नसतो. चांगलं पॅनल वीस-पंचवीस वर्षं निमूट काम करतं. घोळ होतो तो मापनात, बॅटरीत, वायरीत आणि वापरणाऱ्याला गृहीत धरण्यात.

लोड न जोडता व्होल्टेज मोजणं

२०११ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने झाडाच्या फांद्यांची रचना पाहून तसेच सौर सेल बसवले आणि सपाट पॅनलपेक्षा जास्त ऊर्जा मिळते असा निष्कर्ष काढला. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने त्याला बक्षीस दिलं, जगभर बातम्या झाल्या. मग जाणकारांनी लक्षात आणून दिलं की त्याने काहीही न जोडता नुसता व्होल्टेज मोजला होता. पोराला हसायचं कारण नाही; ही चूक आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांतही सर्रास दिसते.

सिलिकॉनचा सेल अंधुक उजेडातही लोडशिवाय, म्हणजे वीज खाणारं काही न जोडता, अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाखवतो. ३६ सेलचं ‘१२ व्होल्ट’ पॅनल उन्हात धरलं की मीटरवर २१-२२ व्होल्ट येतात, ढग आला तरी आकडा फारसा हलत नाही. त्यावरून पॅनल किती वीज देईल हे काहीच कळत नाही. गाडीचा १२ व्होल्टचा बल्ब लावा, दोन मल्टिमीटर घ्या, व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी मोजा, मग गुणाकार करा. आणि करंट मोजून झाल्यावर मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकातून काढायला विसरू नका. तशीच ठेवून बॅटरीच्या टोकांना लावलीत तर तो थेट शॉर्ट असतो. मीटरच्या फ्यूजवर निभावलं तर नशीब समजा.

पॅनलवर छापलेले वॅट खरे मानणं

ते वॅट प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्यावरचा सेल सहज ६५ अंशांवर जातो. दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट धरली तर १६ टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा खेळेल एवढी जागा सोडा.

आता हिशेब. ५ वॅटचा दिवा ६ तास म्हणजे ३० वॅट-तास. १० वॅटचं पॅनल, दिवसाला साडेचार तासांचं पूर्ण ऊन, त्यातून उष्णता, धूळ आणि बॅटरीतली घट वजा केली की हाती उरतात जेमतेम तेवढेच. म्हणजे मार्चमध्ये ठीक, जुलैच्या कोकणात अंधार. पॅनल दुप्पट घ्या. वॅटमागे पॅनल आता बरंच स्वस्त झालंय, काटकसर तिथे करू नये.

उष्णता देणाऱ्या यंत्रांत हा हिशेब जास्तच चुकतो. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैची विनिशा उमाशंकर सौर इस्त्रीची गाडी घेऊन २०२१ मध्ये पर्यावरणासाठीच्या अर्थशॉट पारितोषिकाच्या अंतिम फेरीत पोहोचली, आणि तेव्हापासून तशी गाडी अनेकांना करावीशी वाटते. करा, पण १००० वॅटची इस्त्री निम्मा वेळ जरी चालू राहिली तरी सहा तासांत ३ युनिट खाते, हे आधी कागदावर मांडा.

बॅटरी आणि चार्जर यांची जोडी न जुळवणं

निम्म्याहून जास्त दिवे इथेच मरतात असं माझं मत आहे.

टीपी४०५६ नावाचं छोटं निळं चार्जिंग बोर्ड बाजारात अगदी स्वस्तात मिळतं आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या डब्यात असतं. ते सेलला ४.२ व्होल्टपर्यंत भरतं, म्हणजे साध्या लिथियम-आयन सेलला योग्य. पण टिकाऊ म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल आणला आणि हेच बोर्ड लावलं, तर गडबड. त्या सेलची मर्यादा ३.६५ व्होल्ट. रोज थोडा थोडा जादा भरला जातो, सेल तापतो आणि आयुष्य झपाट्याने घटतं. टेबलावर दोन दिवसांत हे दिसतच नाही.

लेड-अॅसिड बॅटरी वापरत असाल तर रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नका, म्हणजे ७ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीनचीच समजा. कमी व्होल्टेजला दिवा आपोआप बंद करणारा कटऑफ हवाच. पैसे वाचवायला तो काढून टाकला की पहिल्याच झडीच्या आठवड्यात बॅटरी पार झोपते आणि पुन्हा उठत नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरण्याची हौस घरापुरती ठेवा; दुसऱ्याच्या कुडाच्या घरात ते लावू नयेत.

बॅटरी दिवसभर भरते आणि न वापरताही सकाळी उतरलेली असते? पॅनल थेट जोडलेलं असेल तर रात्री करंट उलटा पॅनलमधून वाहतो. मध्ये एक शॉटकी डायोड टाका, तो करंट एकाच दिशेने जाऊ देतो. दिवा तासाभरात विझतो? आधी भर दुपारी चार्जिंगचा करंट मोजा. तो नीट असेल तरच बॅटरीवर संशय घ्या.

वायर, जोड, सावली

१ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने १० मीटरवर ३ अँपिअर नेलेत तर जाण्या-येण्यात एक व्होल्टहून जास्त गळतो. २३० व्होल्टला एक व्होल्ट कुणी विचारत नाही, १२ व्होल्टला तो आठ-नऊ टक्के असतो. दारावरच्या घंटीची बारीक बेल वायर तर लावूच नका. नुसते पिळून टेप गुंडाळलेले जोड पहिल्या पावसात हिरवे पडतात. सोल्डर करा, वर स्लीव्ह चढवा.

पॅनलचे सेल एका माळेत असतात, त्यामुळे कडुलिंबाची एक फांदी एकाच सेलवर सावली धरून बसली तरी अख्ख्या पॅनलचा करंट आवळला जातो. बसवायची जागा सकाळी, दुपारी, चारला अशी पाहून ठरवा. आपल्याकडे तोंड दक्षिणेला, कल १८-२० अंश. केनियाच्या प्रकल्पाची नक्कल करताना तिथला कोन उचलू नका, ते गाव विषुववृत्तावर असू शकतं. बोअरच्या जड पाण्याने पॅनल धुऊन उन्हात वाळवलं तर पांढरे डाग बसतात, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

वापरणाऱ्याला न विचारणं

सौर चुलीचं उदाहरण घ्या. पेटी कुकरमध्ये भात-डाळ मस्त होते, पण भाकरी भाजता येत नाही. शिवाय रानात जाणाऱ्या बाईचा स्वयंपाक ऊन वर येण्याआधी उरकलेला असतो. ते कुकर अडगळीत का जातात हे कळायला वेगळं सर्वेक्षण लागत नाही.

ज्यांचं टिकलं त्यांनी यंत्राइतकाच भोवतालच्या व्यवहाराचा विचार केला. केनियाच्या इव्हान्स वाडोंगोने विशीच्या आतच भंगार पत्र्यातून सौर कंदील बनवायला घेतला. रॉकेलचे वाचलेले पैसे बायकांच्या गटांनी छोट्या धंद्यात घालावेत ही जोडही त्याने दिली. आपल्याकडे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले वैभव तिडके आणि त्यांचे सहकारी सौर वाळवणीयंत्रापाशी थांबले नाहीत. त्यांच्या एस४एस कंपनीच्या व्यवस्थेत महिला शेतकरी कांदा-टोमॅटो वाळवतात आणि कंपनी तो माल विकत घेते. नुसतं यंत्र देऊन मोकळं व्हायचं, तर वाळवलेला कांदा विकायचा कुठे, हा प्रश्न त्या बाईच्याच गळ्यात पडला असता. २०२३ चं अर्थशॉट पारितोषिक त्यांना मिळालं. राजस्थानातल्या डुंगरपूरमध्ये आयआयटी मुंबईच्या उपक्रमातून गावच्या बायकाच सौर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या.

फुकट वाटणं ही आणखी एक चूक, आणि एकदम रक्कम मागणं ही तिची जुळी बहीण. महिन्याचे ३०० रुपये जड जातात, रोजचे १० निघतात, हे सेल्को या सौर दिव्यांच्या कंपनीच्या हरीश हांडे यांनी कर्नाटकातल्या भाजीवाल्यांकडून शिकून हप्ते बसवले.

शेवटचं, खोक्याबद्दल. पाणी शिरू नये म्हणून मुलं सगळं गोंदाने कायमचं बंद करतात. मग दहा रुपयांचा स्विच बिघडला तरी दिवा कचऱ्यात. साध्या फुलीच्या स्क्रूने उघडेल असं करा, आत तांबड्या-काळ्या वायरी ठळक ठेवा, राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात न शिकलेल्या बायका रंगांच्या खुणांवरच सर्किट जोडतात. आणि दिव्यांबरोबर पाड्यावर दोन फ्यूज, दोन डायोड, एक स्विच, चार मीटर वायर आणि एक स्क्रूड्रायव्हर ठेवून या. ज्या घरी ठेवाल तिथल्या माणसाकडून निघण्याआधी एकदा दिवा उघडून पुन्हा बंद करून घ्या.