बॅडमिंटनच्या फुलासारखं प्रवाळ तळाशी सोडताना

स्पेनच्या ईशान्य टोकाला, काप द क्रेउसच्या समुद्रात, ८० ते १२० मीटर खोलीवर युनिसेला कॅव्होलिनी हे पंख्यासारखं प्रवाळ वाढतं. मच्छीमारांच्या तीन पदरी जाळ्यात अडकून ते वर येतं. बार्सिलोनाच्या सागरविज्ञान संस्थेने ते परत पोचवायची स्वस्त युक्ती बसवली: प्रवाळ गोट्याला चिकटवून होडीतून सोडायचं. गोटा खाली, पंखा वर, बॅडमिंटनचं फूल पडतं तसं. अशी ४६० प्रवाळं सुमारे ८५ मीटरवर गेली.

१९९९ आणि २००३च्या उष्ण लाटांत भूमध्य समुद्रातली प्रवाळं मेली ती मुख्यतः उथळ पाण्यातली. खालचं पाणी १३-१४ अंशांवर राहतं. म्हणजे खोलवरचं प्रवाळ होडीवर येतं तेव्हाच त्याला खरा उन्हाळा लागतो. जाळ्यातून सोडवताना ओढू नका, धागा कापा. लगेच थंड समुद्रपाण्याच्या टबात ठेवा, तेही सावलीत. किनाऱ्यावरच्या टाकीत पाणी वाहतं आणि थंडच हवं. प्रवाळाची वरची जिवंत साल सोलून आतला काळपट कणा उघडा पडला असेल, तर तेवढा भाग धारदार कात्रीने छाटा. उघड्या कण्यावर शेवाळ आणि इतर जीव बसतात, आणि शेजारची जिवंत सालही मागे हटते.

चिकटवायला एम-सीलच्या जातीची, पण पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुटी घ्या. बुडाची एक-दोन सेंटीमीटर साल काढून फक्त कणा पुटीत रोवा. साल पुटीखाली दबली की कुजते आणि पंखा डुगडुगतो. हाताने हलवून पाहा, मगच सोडा.

खरी मेख गोट्यात आहे. हलका निवडला तर पंखा आडवा पडतो, प्रवाहाबरोबर भरकटतो. प्रत्येक जोडी आधी उंच टाकीत सोडून बघा. दोन-तीन वेळा उभी उतरली तरच ती होडीत चढवा. सिमेंटचे ठोकळे कशाला, नैसर्गिक गोटेच बरे.

जागा ट्रॉलर न फिरणारी, कठीण किंवा भरड तळाची हवी. चिखलात गोटा रुततो. भरकटीचा हिशोब सोपा आहे: सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ८५ मीटर उतरायला १७० सेकंद लागतात, तेवढ्यात सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाचा प्रवाह ३४ मीटर दूर नेतो. तेवढं प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाऊन सोडा. नंतर पाण्याखालचा कॅमेरा-रोबो पाठवून किती उभी आहेत ते मोजा. आणि त्याच जागी पुन्हा जाळी पडणार नाहीत हे तिथल्या मच्छीमारांशी आधीच ठरवून घ्या, नाहीतर तीच प्रवाळं गोट्यासकट वर येतील.